तीनशे चाळीस शिफारशी

४ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

पत्राला कारण आहे, पण ते दुसऱ्या पानावर येईल. आधी इकडचं सांगतो. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला आणि आता तो दोन ठिकाणी गळतो. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. कल्पना आईची. ती म्हणाली, "पत्रच लिहा. म्हणजे तुमचं बोलणं मधेच ठेवून तिला चहा तरी करून येता येईल." मी लगेच कागद शोधायला लागलो. चाळीस वर्षांत एवढं तरी शिकलोय.

रविवारी तुझा फोन आला की आई आतल्या खोलीत जाते आणि दार लोटते. लोटते, लावत नाही. मी बाहेर पेपर वाचत असतो, पण कान काही घडी करून ठेवता येत नाहीत. तर कानावर आलं ते असं. डिसेंबरपासून तुझ्या वाचा-उपचार केंद्रात नवीन पेशंट येणं जवळजवळ थांबलंय. आधी सर्चमध्ये टाकलं की तुझं पान दुसऱ्या क्रमांकावर यायचं, ते आता शोधूनही सापडत नाही. शेजारची खोली घेतली होतीस ती सोडावी लागेल, आणि ज्या मुलीला हाताखाली तयार केलंस तिला एप्रिलअखेर 'येऊ नकोस' म्हणून सांगावं लागेल.

ऐकून वाटलं, यातलं आपल्याला थोडं कळतं, तर सांगावं.

मी पेटंट वकिलांच्या ऑफिसात एकतीस वर्षं आकृत्या काढल्या, हे तुला माहीत आहे. शोध लावणारा आपलं म्हणणं शब्दांत सांगतो, वकील ते कुणालाच कळणार नाही असं लिहितो, आणि आरेखक ते पुन्हा कळेल असं काढून दाखवतो. पंप, बिजागऱ्या, बाटल्यांची झाकणं. निवृत्तीच्या आधी एक वेगळंच काम आलं. सर्च इंजिनने वेबपानांना क्रम कसा लावायचा, त्याची पद्धत. नऊ आकृत्या, सगळी वर्तुळं आणि बाण. वर्तुळ म्हणजे पान आणि बाण म्हणजे लिंक. पानावर काय लिहिलंय एवढंच बघायचं नाही, तर त्याच्याकडे बोट कोण दाखवतंय तेही बघायचं. लिंक ही एक शिफारस समजायची. ज्याची स्वतःची शिफारस पुष्कळांनी केलीय, त्याच्या शब्दाला वजन जास्त. आणि जो ऊठसूट शंभर जणांची शिफारस करतो, त्याचं वजन शंभरांत वाटलं जातं. मी वकीलसाहेबांना म्हटलं, "साहेब, हा तर वशिला झाला." ते म्हणाले, "हो, पण अर्जात आपण त्याला क्रमनिर्धारण म्हणू."

तर तुझं पान खाली का गेलं? सर्च इंजिनच्या कंपनीने त्या पद्धतीत काहीतरी बदल केला असणार. ते करत असतात. तुझं काही चुकलेलं नाही. आणि दुसऱ्या कुणाचं काही चुकलं असेल, असंही मला वाटत नाही.

तुझा,
बाबा

२१ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती. तरी रोज अकरा वाजता मी गॅलरीत उभा असतो आणि पोस्टमन मान खाली घालून निघून जातो.

मागचं पत्र पाकिटात घालण्याआधी आईने वाचलं होतं. तेव्हा काही बोलली नाही. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, ते शेवटचं वाक्य कशाला घातलंत?"

"कुठलं?"

"दुसऱ्या कुणाचं काही चुकलेलं नाही, ते. कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

तुझ्या आईने पोलिसात नोकरी करायला हवी होती. असो. सांगून टाकतो, कारण लपवण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

गेल्या मे महिन्यात मी वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गाला जात होतो. वर्गात सगळ्यात म्हातारा मीच. तिथे फुकटात वेबपान कसं बनवायचं ते शिकवलं. मग सरावासाठी मी काही पानं बनवली आणि जाता जाता त्यांत तुझ्या पानाची लिंक घातली. असतील दहा-बारा. एक निवडुंगाच्या निगेवर होतं. त्याच्या शेवटी लिहिलं होतं, "निवडुंगाला पाणी कमी लागतं. बोलताना अडखळणाऱ्यांना मात्र भरपूर मार्गदर्शन लागतं. त्यासाठी इथे पाहा." आईला ते वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग हसायची थांबली.

"तिने तुम्हाला बजावलं होतं ना, पुन्हा माझ्यासाठी कुठे शब्द टाकायचा नाही म्हणून?"

मी म्हटलं, "शब्द कुठे टाकला? मी लिंक टाकली."

ती निवडलेली भाजी उचलून आत गेली. मला अजूनही वाटतं की दहा-बारा लिंकांनी काही बिघडत नसतं. तुला काय वाटतं ते कळव. नाही कळवलंस तरी मी समजेन.

तुझा,
बाबा

९ मार्च

प्रिय चिंगे,

काल जुन्या ऑफिसात गेलो होतो. वकीलसाहेब आता येत नाहीत. माझ्या खिडकीपाशी एक तरुण बाई बसते. तिचंही काम आकृत्यांचंच, पण ती पडद्यावर काढते. माझी रेघा आखायची टी-पट्टी तिने भिंतीला टांगून ठेवलीय, शोभेला. मी कोण ते कळल्यावर तिने खुर्ची दिली, चहा मागवला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या क्रम लावायच्या पद्धतीचं पुढे काय झालं.

ती म्हणाली, "काका, त्यानंतर बरीच पेटंटं झाली. सगळी छापून येतात, कुणीही वाचावीत. त्यातल्या एकाच्या आकृत्या मीच काढल्यात." आणि तिने पडद्यावर एक उघडून दाखवली.

मधे एक मोठं वर्तुळ. भोवती पुष्कळ बारीक बारीक वर्तुळं. प्रत्येकातून एक बाण मधल्या वर्तुळाकडे जातो, पण बाहेरून त्या बारक्यांकडे एकही बाण येत नाही. सगळ्यांभोवती तुटक रेषेचं कुंपण. तिने समजावून सांगितलं. ही सगळी पानं थोड्याच दिवसांत जन्मलेली असतात, त्यांच्यावर तीच तीच वाक्यं असतात आणि तिथल्या लिंकवर कुणी कधी बोट ठेवत नाही. मग पद्धत ओळखते की ही एकाच हाताची करणी आहे. त्या शिफारशींचं वजन शून्य धरते, आणि ज्याची शिफारस केली त्यालाच खाली ढकलते.

"म्हणजे कसं, काका," ती म्हणाली, "एकच माणूस टोप्या बदलून बदलून शंभर वेळा टाळ्या वाजवतो ना, तसं."

मी म्हटलं, तुझी तुटक रेष फार सफाईदार आलीय. खरंच आली होती. मग खाली येऊन स्टॉपवरच्या बाकड्यावर बसलो. आमच्याकडे येणाऱ्या दोन बस गेल्या, मी बसूनच राहिलो.

चिंगे, दहा-बारा नाहीत. तीनशे चाळीस आहेत.

वहीत सगळी नोंद आहे. दोनशे बारा पानं मी स्वतः बनवली. निवडुंग, पेन्सिली, चालायचे बूट, गळके नळ, जे सुचेल त्यावर. उरलेल्या लिंका लोकांच्या पानांवर जाऊन टाकल्या, अभिप्रायात, सूचनाफलकांवर, जिथे जागा मिळेल तिथे. सगळीकडे एकच वाक्य, "अनुभवी आणि प्रेमळ मार्गदर्शन", कारण ते मला आवडलं होतं. नऊ आकृत्या मी माझ्या हाताने काढलेल्या, त्यामुळे मला वाटायचं की पद्धत आपल्याला तोंडपाठ आहे. ती पुढे गेली आणि मी नवव्या आकृतीपाशी बसून राहिलो.

जुलैपासून तुझं पान वर चढत गेलं. ऑगस्टमधल्या एका रविवारी तू आईला सांगत होतीस, "आई, लोक आपणहून शोधत येतायत गं." त्याच आनंदात तू दुसरी खोली घेतलीस. मी दाराबाहेर बसून स्वतःवर खूश होतो. इतका, की आई बाहेर आल्यावर तिला चहा करून दिला. आता ते आठवलं की मान वर होत नाही.

हॉस्पिटलचंही लिहायलाच हवं. लहानपणी तू एखाद्या अक्षरावर अडलीस की मला ते सहन व्हायचं नाही. दुकानदार तुझ्या तोंडाकडे बघत उभा असायचा आणि मी पटकन सांगून टाकायचो, तिला वही हवीय, रेघांची. पुढे तू हाच विषय शिकलीस, हॉस्पिटलमध्ये अर्ज केलास, आणि तिथल्या मुख्य इंजिनिअरशी माझी ओळख होती. मी एक फोन केला. फक्त एक. चार वर्षं तू तिथे काम केलंस, आणि त्याच्या निरोपसमारंभात त्यानेच ते हसत हसत तुला सांगितलं. आठवड्याच्या आत तू नोकरी सोडलीस. घरी येऊन चपलाही न काढता म्हणालीस, "तुम्ही शब्द टाकला नसता तर मला घेतलं असतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही."

मी तेव्हा म्हणालो होतो, "अगं, घेतलं ना, मग झालं." सहा वर्षं झाली त्याला. ते बोलणं चूक होतं, हे या महिन्यात मला कळलं.

माझ्यामुळे तुझं केंद्र बुडायला आलंय. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण आधी केलेलं निस्तरतो.

बाबा

१८ मार्च

चिंगे,

तुझं पाकीट मिळालं. अक्षर बघून मी चष्मा शोधत बसलो, तोवर आईने फोडून दिलं. आत आपुलकीचे शब्द नसतील हे धरूनच चाललो होतो. तुझी चार वाक्यं मी भिंतीवर चिकटवली आहेत, कामाला सोपं पडतं. "माझ्या पानाकडे येणाऱ्या सगळ्या लिंकांची यादी कंपनीकडून मागवलीय, ती सोबत आहे. तुमच्या असतील त्यांवर खूण करा, म्हणजे त्या धरू नका असं मी कंपनीला कळवेन. लोकांच्या पानांवर ज्या टाकल्यात त्या काढायला त्यांना तुम्हीच लिहा. पान पुन्हा वर घ्या म्हणून कंपनीला अर्ज करायचाय, त्यात हे कसं झालं ते लिहावं लागतं, तर काय लिहू ते तुम्हीच सांगा, आणि आईला न विचारता."

 

कारणाचे मसुदे केले. पहिला असा होता: "केंद्राच्या नकळत एका बाह्य व्यक्तीकडून काही तांत्रिक स्वरूपाच्या लिंका जोडल्या गेल्या." वकीलसाहेबांनी पाठ थोपटली असती. पण बाह्य व्यक्ती म्हणजे मी, हे काही हाताने लिहवेना. दुसऱ्यात लिहिलं, "एका हितचिंतकाने." तो फाडला. तिसऱ्यात निवृत्त आरेखक, वय, प्रकृती असलं सगळं आणलं. तो वाचून माझीच मला कीव आली, म्हणून तोही फाडला. आई दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, तुला विचारायची बंदी आहे. ती म्हणाली, "मी कुठे काय बोलतेय?" आणि उभीच राहिली.

असं लिही: "हे माझ्या वडिलांनी केलं. मला न विचारता केलं. मी त्यांना आधीच नको म्हणून सांगितलं होतं." खाली माझं नाव पूर्ण लिही. त्या कंपनीत ज्यांनी माझ्या नऊ आकृत्या कधी पाहिल्या असतील त्यांनीही ते वाचू दे.

बाबा

४ एप्रिल

प्रिय चिंगे,

माझी दोनशे बारा पानं पुसून झाली. रोज सकाळी नाश्ता झाला की वाचनालयात जायचो आणि जेवायच्या वेळेला परत. निवडुंगाच्या पानावर एका खऱ्या माणसाने विचारलं होतं, की बुंधा खालून मऊ पडलाय, काय करू. त्याला आधी उत्तर दिलं आणि मग पान पुसलं.

बाकीच्यांना पत्रं लिहिली. एकच मजकूर सगळ्यांना पाठवायचा मोह झाला होता. पण पुन्हा एकच वाक्य शंभर ठिकाणी म्हटल्यावर अंगावर काटा आला. प्रत्येकाला वेगळं लिहिलं. लोक चांगले असतात गं. चालणाऱ्यांच्या मंडळाच्या बाईंनी त्याच दिवशी लिंक काढली, आणि विचारलं की तुम्ही स्वतः चालता का. मी खरं ते सांगितलं, की नाही. एका सुताराने कळवलं, "आजोबा, तुमची लिंक आम्ही टाकल्या दिवशीच काढली होती." म्हणजे ती एक शिफारस तर एक दिवसही टिकली नव्हती, तरी कंपनीच्या यादीत ती अजून आहेच.

यादी सोबत परत पाठवतोय. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळींवर खुणा केल्या आहेत. तुझ्या सहकारी मुलीला एप्रिलअखेर सांगायचं होतं, ते आणखी थोडं लांबवता येईल का बघ. तुझ्या कामात बोलतोय असं वाटलं तर हे वाक्य वाचू नकोस.

बाबा

१९ एप्रिल

प्रिय चिंगे,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही, आईच्या हाती देतोय. ती उद्या तुझ्याकडे येतेय आणि तू अर्ज परवा पाठवणार आहेस असं कळलं. तिने मलाही "चला" म्हटलं होतं. मी नाही म्हटलं. तू बोलावशील तेव्हा येईन.

काल एका पत्राला उत्तर आलं. यादीत एक पान होतं, जुन्या बसचालकांच्या संघटनेचं. कुणाच्या ड्यूट्या कुठे, कोण निवृत्त झालं, कोण गेलं, असलं काहीबाही. पाहून मला वाटलं की इथली लिंकही माझीच करणी. तिथेही लिहिलं, की कृपया ती लिंक काढावी. उत्तर जसं आलं तसं उतरवतो, चुकाही त्याच्याच.

"काढणार नाही. मी सत्तावीस वर्षं बस चालवली. पक्षाघात झाला. सात महीने बायकोला हाक मारता येत नव्हती. टाळी वाजवून बोलवायचो. या बाईंकडे गेलो. त्या समोर बसून राहायच्या. घाई नाही केली. अकराव्या खेपेला बायकोचं नाव आलं. ती जिन्यात बसून रडली. आमच्या चालकांत आणखी दोघांना असं झालंय म्हणून मी ते पानावर लिहीलं. एका बोटाने टाईप करायला दोन दिवस लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंना तर माहीतपण नाही. तुम्ही कोण ते काढा म्हणणारे?"

मी उभा राहून वाचलं, मग बसून वाचलं. मग वही काढली. माझ्या लिंका तीनशे चाळीस. तुझ्या यादीतल्या ओळी तीनशे एक्केचाळीस. एक जास्त आहे हे मला खुणा करतानाच दिसलं होतं, चिंगे. तेव्हा मी काय म्हटलं असेल? म्हटलं, आपलीच मोजायची चूक असणार. माझ्याशिवाय कुणी तुझं नाव आपणहून घेतलं असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आयुष्यभर मी तुझ्याबद्दल हेच धरून चाललो होतो, आणि याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या सगळ्या लिंकांचीही वाटत नाही.

त्याला उत्तर लिहायला बसलो. "मी त्यांचा वडील" एवढं टाइप केलं आणि पुसलं. शेवटी लिहिलं, "चूक झाली, लिंक राहू द्या."

हॉस्पिटलने माझ्या शब्दावाचून तुला घेतलं असतं की नाही, ते मी आता सांगू शकत नाही. तेवढं मी कायमचं बिघडवून ठेवलंय. पण हा माणूस मला ओळखत नाही, आणि मी सांगूनही तो ऐकत नाही.

यादीतली दोनशे सत्त्याऐंशीवी ओळ बघ. तिच्यावरची माझी खूण खोड. ती माझी नाही. ती तुझी आहे.

बाबा